उजेड सहन होत नाही: दुखणं डोळ्यांचं की मेंदूचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

होळी झाली की सोलापुरात ऊन कडक होतं आणि माझ्या टेबलासमोर बसलेलं माणूस दिवसातून चार-पाच वेळा तरी एकच वाक्य बोलतं, "मॅडम, उजेड बघवंना झालाय, एक काळा गॉगल काढा." मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नवी पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात गेली बावीस वर्षं नंबर काढते. डॉक्टर नाही, औषध लिहून देत नाही. गॉगल विकला तर माझाच फायदा आहे. तरी मी आधी चार गोष्टी विचारते, आणि काही जणांना गॉगल न देता डॉक्टरांकडे धाडते. उजेडाची तक्रार सहसा एकटी येत नाही. तिच्यासोबत ताप आलाय, उलटी आलीय, मान ताठलीय की रंग फिके पडलेत, यावर पुढचं सगळं ठरतं. लोक जे विचारतात ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत खाली मांडलंय.

उन्हात डोळे आपोआप मिटतात. म्हणजे मला काही झालंय का?

मे महिन्यात भर दुपारी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभं राहिलं तर पाण्याच्या चकाकीने कुणाचेही डोळे मिटतील. त्याला डोळे दिपणं म्हणायचं, त्यात आजार काही नाही. दुसऱ्यांना साधा वाटणारा उजेड तुम्हाला टोचत असेल तर मात्र ती तक्रार: घरातली ट्यूब, ढगाळ आभाळ, मोबाइलचा स्क्रीन, स्वयंपाकघरातला बल्ब. डॉक्टर याला फोटोफोबिया म्हणतात. नावात फोबिया असला तरी उजेडाची भीती वाटत नाही, उजेडाने दुखतं किंवा असह्य अस्वस्थ होतं. आणि हा स्वतः आजार नाही, कुठल्यातरी आजाराचं लक्षण आहे. ताप जसा टायफॉइडलाही येतो आणि मलेरियालाही, तसं.

उजेड शिरतो डोळ्यात. मग यात मेंदू कुठून आला?

डोळ्याचा पुढचा भाग, कपाळ आणि मेंदूभोवतीची आवरणं यांचं दुखणं मुख्यतः एकाच मज्जातंतूवाटे आत जातं. त्याचं नाव ट्रायजेमिनल. त्यामुळे बुबुळाला ओरखडा पडला तरी उजेड टोचतो, आणि मेंदूच्या आवरणाला सूज आली तरी टोचतो. तक्रार एक, उगम दोन.

अर्धशिशीतल्या उजेडाच्या त्रासाचा एक रस्ता २०१० मध्ये बोस्टनमधल्या संशोधकांनी दाखवला. रॉड्रिगो नोसेडा आणि रामी बर्स्टीन यांच्या गटाने अर्धशिशी असलेली २० दृष्टिहीन माणसं तपासली. त्यातल्या सहा जणांना उजेड-अंधार काहीच कळत नव्हतं, कारण त्यांचे डोळे काढलेले होते किंवा डोळ्याची नस पूर्ण निकामी झालेली होती. त्यांच्या डोकेदुखीला उजेडाने फरक पडला नाही. उरलेल्या चौदा जणांना चित्र दिसत नव्हतं पण उजेड जाणवत होता, आणि त्यांचं डोकं उजेडात जास्त दुखलं. म्हणजे बघायला लागणाऱ्या पेशी गेल्या तरी उजेडाने दुखणं शिल्लक राहतं.

हे काम डोळ्याच्या पडद्यातल्या वेगळ्याच पेशी करतात. त्या चित्र जवळजवळ बनवतच नाहीत. दिवस आहे की रात्र एवढं मेंदूला सांगायचं आणि बाहुली लहान-मोठी करायची, ही त्यांची मुख्य कामं. त्यांचे धागे मेंदूत थॅलॅमस नावाच्या भागात जातात, आणि मेंदूच्या आवरणातून येणारं दुखणंही तिथल्याच पेशींपर्यंत पोचतं. दोन्ही एकाच चौकात भेटतात. मला सात रस्ता चौकातली संध्याकाळ आठवते. एका रस्त्यावरची गर्दी वाढली की बाकीचे रस्तेही तुंबतात.

"पित्ताचं डोकं आहे, उलटी झाली की उतरतं." हे खरं आहे का?

उलटी झाल्यावर बऱ्याच जणांना बरं वाटतं, हे खरं. पित्तामुळे डोकं दुखलं, हे मात्र उलटं आहे. अर्धशिशीचा झटका मेंदूत सुरू होतो आणि जठराचं काम मंदावतं. मळमळ, आंबट पाणी, उलटी हे सगळं त्या झटक्याचेच भाग. आपण शेवटी जे बाहेर पडलं त्याला दोष देतो.

माझ्या आईचं असंच होतं. महिन्यातून दोन-तीनदा तिचं "पित्त चढायचं". आतल्या खोलीच्या खिडकीवर ती सोलापुरी चादर खिळ्यांना अडकवायची, ओला टॉवेल डोक्याला करकचून बांधायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. चादरीला एका ठिकाणी भोक होतं. त्यातून दुपारी तीनच्या सुमाराला उन्हाची एक काडी आत यायची आणि हळूहळू तिच्या गालाकडे सरकायची. ती गालाला टेकायच्या आधीच आई कूस बदलायची, डोळे मिटलेले असतानाही. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. उजेड माणसाला चटका देतो असं मला वाटायचं. तिला अर्धशिशी आहे हे पंचावन्नाव्या वर्षी कळलं, तोवर आवळ्याचा मुरंबा आणि पित्ताच्या गोळ्या चालू होत्या.

अर्धशिशी ओळखायला रक्ताची तपासणी नसते, फोटो नसतो. लक्षणांवरूनच निदान होतं. औषध न घेतल्यास दुखणं ४ ते ७२ तास टिकतं. बहुधा एका बाजूला, ठणकल्यासारखं, आणि जिना चढला किंवा वाकून काही उचललं तरी वाढतं. सोबत मळमळ किंवा उलटी असते, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. काहींना आधी डोळ्यांसमोर नागमोडी चकाकणाऱ्या रेघा दिसतात, बहुतेक वेळा तासाभरात त्या जातात. डोकं दोन्ही बाजूंनी दुखतं म्हणून अर्धशिशी नाही, असं समजू नका. नाव फसवं आहे. आपल्या शेजारच्या कर्नाटकात झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत वर्षभरात साधारण चारातल्या एका प्रौढाला अर्धशिशी असल्याचं आढळलं होतं. बायकांमध्ये हे प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त असतं.

झटका आणणाऱ्या गोष्टी आपल्याकडे अगदी घरच्या आहेत: उपास, जागरण, यंत्रमागावरची आठवड्याआड बदलणारी रात्रपाळी, पाळीचे दिवस, उन्हातून चालत येणं, उग्र वास. विडी वळणाऱ्या बायका घरात दाराशी बसून मंद उजेडात पानं कापतात, दिवसभर तंबाखूचा वास घेतात आणि विड्या जमा करायला भर उन्हात निघतात. त्यांच्यातल्या ज्यांना अर्धशिशी आहे त्यांचा दिवस कसा जात असेल, विचार करा. "काम बदला" हा सल्ला मी देत नाही, देणाऱ्याला लाज वाटावी असा तो आहे. पण जेवणाची वेळ न चुकवणं आणि डोक्यावर ओला पदर घेऊन निघणं एवढं तरी जमतं.

मग गॉगल लावू का नको?

बाहेर उन्हात जरूर लावा. घरात, दुकानात, ट्यूबखाली लावू नका. डोळा अंधाराला सरावतो. चार दिवस घरात काळी काच लावून बसलात की पाचव्या दिवशी साधा बल्बसुद्धा हेडलाइटसारखा वाटतो, मग आणखी काळी काच मागता. असे काही जण माझ्याकडे येतात. त्यांना मी काच एकदम काढायला सांगत नाही. आठवड्या-आठवड्याने फिकी करत नेते.

अर्धशिशीवाल्यांसाठी गुलाबी-तपकिरी छटेची एफएल-४१ नावाची काच मिळते. ती निळसर-हिरव्या भागातला उजेड कमी करते, म्हणजे वर सांगितलेल्या पेशींना जो उजेड सर्वांत जास्त चेतवतो तोच. काहींना तिचा चांगला उपयोग होतो, सगळ्यांना नाही. बाजारात कुठल्याही गुलाबी काचेला "मायग्रेनचा चष्मा" म्हणून विकतात, त्याला भुलू नका. मोबाइलसाठी म्हणून विकली जाणारी 'ब्लू कट' काच वेगळी, तिने अर्धशिशी थांबत नाही.

हिरव्या उजेडाने डोकं थांबतं म्हणे?

२०१६ मध्ये बर्स्टीन यांच्याच गटाने झटका चालू असलेल्या लोकांना वेगवेगळ्या रंगांचा उजेड दाखवला. निळा, पिवळसर, लाल या रंगांनी दुखणं वाढलं. हिरव्याने सर्वांत कमी वाढलं, काहींचं तर थोडं उतरलं. पण तो हिरवा अगदी अरुंद पट्ट्यातला आणि मंद होता. देवघरातल्या हिरव्या झिरोच्या बल्बकडून तेवढी अपेक्षा ठेवू नका. लावून बरं वाटलं तर लावा, नुकसान काही नाही.

डोळ्यांचं आहे की मेंदूचं, घरी कसं ओळखायचं?

पूर्ण ओळखता येत नाही, पण दिशा कळते.

डोळा लाल आहे, पाणी येतंय, खुपतंय, दिसणं कमी झालंय, तर आधी डोळ्यांचे डॉक्टर. कचरा, जखम, बुबुळावरचा व्रण, डोळ्याच्या आतली सूज यांतलं काहीही असू शकतं. आतल्या सुजेची एक खूण आहे: चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारला तरी आजारी डोळा दुखतो, कारण दोन्ही बाहुल्या एकदम आकसतात. डोळे नुसतेच कोरडे पडले तरी उजेड टोचतो. सोलापूरच्या कोरड्या, धुळकट हवेत हे कारण मला सर्वांत जास्त दिसतं.

एक जागा फसवी आहे. पन्नाशीच्या बाईचं एका बाजूचं डोकं अचानक दुखू लागतं, उलट्या होतात, घरचे म्हणतात पित्त. डोळ्यात बघितलं तर तो लाल असतो, बाहुली मोठी आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. तो काचबिंदूचा तीव्र झटका असतो. काही तासांत उपचार मिळाले नाहीत तर नजर जाऊ शकते. म्हणून "पित्ताचं डोकं" असलेल्या माणसाचे डोळे एकदा उघडून बघाच.

आता डोळा बाहेरून पांढराशुभ्र आहे, तरी तक्रार आहे. इथे माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षांत टॉवेलच्या कारखान्यातला एक पोरगा आला होता, पंचविशीचा. "अक्का, उन्हात गेलं की उजवा डोळा दुखतो आणि धुरकट दिसतं." नंबर काढला, जेमतेम पाव. डोळा स्वच्छ. मी त्याला घासाघीस करून गॉगल दिला, स्वस्तात दिल्याचं समाधानही मानलं. तीन आठवड्यांनी तो परत आला तो रंगांची तक्रार घेऊन. लाल सूत आणि मरून सूत त्याला उजव्या डोळ्याने सारखंच दिसत होतं, आणि चुकीचा धागा लावला म्हणून मुकादमाने त्याला झापलं होतं. डोळ्यामागच्या नसेला सूज होती. डोळा फिरवला की दुखणं, रंग विटणं आणि काही दिवसांत नजर कमी होणं, ही त्या आजाराची नेहमीची त्रयी. ती मी विचारलीच नव्हती.

आणि त्याचं "उन्हात धुरकट" हे वाक्य मी सपशेल चुकीचं ऐकलं. त्रास उजेडाचा कमी आणि उष्णतेचा जास्त होता. सुजलेल्या किंवा आवरण गेलेल्या नसेतून, अंग तापलं की संदेश नीट जात नाही आणि नजर तेवढ्यापुरती मंदावते. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्‌हॉफ यांनी १८९० मध्येच हे नोंदवलंय. काहींमध्ये डोळ्याच्या नसेची ही सूज मल्टिपल स्क्लेरोसिसची, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब करणाऱ्या आजाराची, पहिली खूण असते, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं लागतं आणि एमआरआय होतो.

तेव्हापासून माझ्या ड्रॉवरमध्ये पाण्याच्या बाटलीचं एक लाल टोपण असतं. एक डोळा झाका, टोपण बघा. मग दुसरा झाका, टोपण बघा. एका डोळ्याला लालभडक आणि दुसऱ्याला विटकरी दिसलं की मी नंबर काढायच्या भानगडीत न पडता चिठ्ठी लिहून देते. घरीही करून बघा, खर्च शून्य.

उजेड सहन होत नाही आणि अंगात ताप आहे. उद्या दाखवलं तर चालेल?

नाही. ताप, डोकेदुखी, उलटी, उजेड नको वाटणं आणि मान ताठणं हे एकत्र आलं की मेंदूच्या आवरणाची सूज म्हणजे मेनिंजायटिस असू शकतो. हनुवटी छातीला टेकवायला सांगा. टेकत नसेल, मान ओढली जात असेल, गुंगी असेल, माणूस असंबद्ध बोलत असेल, फिट आली असेल, अंगावर लालजांभळे डाग उठले असतील, तर १०८ ला फोन करा. जिवाणूंमुळे झालेल्या मेनिंजायटिसमध्ये प्रतिजैविक काही तास उशिरा मिळालं तरी फरक पडतो. मान वाकते म्हणून आजार नाही, असं मात्र घरी ठरवू नका.

तान्ह्या बाळाला मान ताठणं, उजेड टाळणं हे नीट दिसतच नाही. ते दूध सोडतं, सतत किरकिरतं नाहीतर मलूल पडतं, टाळू फुगते. बाळाच्या बाबतीत "उजेडाला काही करत नाही" म्हणून निर्धास्त राहू नका.

दवाखान्यात पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की निम्मी घरं नको म्हणतात. "पाठीत सुई घातली की पाय लुळे पडतात" ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. सुई कमरेत खालच्या बाजूला, जिथे मज्जारज्जू संपलेला असतो तिथे घालतात. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, पाय लुळे पडत नाहीत. निदान मात्र त्या चार थेंबांशिवाय अडून राहतं.

महिनाभर बारीक ताप आणि डोकं आहे, पण इतकं गंभीर वाटत नाही

हेच मला जास्त घाबरवतं. क्षयाचा मेनिंजायटिस दबकत येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, भूक नाही, वजन उतरतं, डोकं दुखतं, माणूस चिडचिडा होतो, पोरगं शाळेत लक्ष देत नाही. उजेडाचा त्रास सुरुवातीला सौम्यच असतो. मग एके दिवशी उलट्या, तिरळं दिसणं, गुंगी. घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर तो उल्लेख डॉक्टरांसमोर आवर्जून करा, लाजू नका. औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत, पण ती महिनोनमहिने आणि नेमाने घ्यावी लागतात.

अचानक वीज पडावी तसं डोकं दुखलं

एका मिनिटाच्या आत शिगेला पोचलेलं, "आयुष्यात असं कधी दुखलं नाही" असं दुखणं म्हणजे मेंदूभोवती रक्तस्राव झालेला असू शकतो. शेंगा फोडताना, शौचाला बसलेलं असताना, नाहीतर नुसतं बसल्याजागीही होतं. उजेड नकोसा होतो, मान ताठते, पण ताठायला काही तास लागतात, म्हणून मानेची वाट बघू नका. बाम चोळण्यात वेळ घालवू नका. लगेच सीटी स्कॅन होईल अशा ठिकाणी न्या. पहिल्या सहा तासांत काढलेला स्कॅन सर्वांत विश्वासाचा असतो.

गड्ड्याच्या जत्रेतल्या झगमगाटात पोराला फिट आली. उजेडाची ॲलर्जी आहे का?

हा वेगळाच प्रकार. इथे उजेड दुखत नाही. लुकलुकणारा उजेड मेंदूत झटका पेटवतो. फेफरं असलेल्यांपैकी साधारण ३ टक्क्यांना असं होतं, जास्त करून शाळकरी आणि वयात येणाऱ्या मुलांना. सेकंदाला १५ ते २५ वेळा लुकलुकणारा दिवा सर्वांत धोक्याचा. जपानमध्ये १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड वेगाने लुकलुकला आणि जवळपास ६८५ जणांना, त्यात बहुतेक मुलं, दवाखान्यात न्यावं लागलं.

आपल्याकडे जानेवारीत होम मैदानावरच्या गड्ड्याच्या यात्रेतले पाळण्यांचे दिवे, मिरवणुकीतल्या डीजेच्या गाडीवरचे भकाभका लागणारे फोकस, बिघडलेली फडफडती ट्यूब, हे सगळे तसेच. असा मुलगा अचानक झगमगाटात सापडला तर एका हाताच्या तळव्याने एक डोळा पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापणीतून लाल उजेड आत जातोच. झटका आलाच तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. कांदा, चप्पल, चावी यांनी झटका थांबत नाही. तो बहुतेक वेळा आपोआप थांबत असतो आणि श्रेय चपलेला जातं. पाच मिनिटांवर गेला तर १०८.

मिरवणुकीतल्या लेझरचा प्रश्न आणखी वेगळा आहे. तो थेट डोळ्याच्या पडद्याला भाजतो. पोराला खांद्यावर घेऊन त्या गाडीसमोर उभं राहू नका, एवढंच.

पट्ट्यापट्ट्यांची चादर बघितली की गरगरतं. हे मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. ठळक काळ्या-पांढऱ्या, जवळजवळ असलेल्या समांतर पट्ट्या बघितल्या की अर्धशिशीवाल्यांना पट्ट्या हलल्यासारख्या वाटतात, डोळे दुखतात. मेंदूच्या मागच्या भागातल्या, बघण्याचं काम करणाऱ्या पेशी त्यांच्यात लवकर चेतवल्या जातात. मागावर बसणाऱ्यासमोर तर दिवसभर ताण्याचे शेकडो धागे उभे आणि वर जुन्या चोकची ट्यूब, जी ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला ते दिसत नाही, काहींच्या डोक्याला कळतं. अक्कलकोट रोडवरच्या एका कारखानदाराने माझ्या सांगण्यावरून एका मागावरची ट्यूब बदलून चांगल्या प्रतीचा एलईडी लावला. त्या मागावरच्या कामगाराचं डोकं कमी झालं. एका माणसाचा अनुभव आहे, नियम नाही. हलक्या प्रतीचा एलईडीही तसाच लुकलुकतो, हे लक्षात ठेवा.

गाडीवरून पडल्यापासून उजेड नको वाटतो

डोक्याला मार लागल्यावर हे नेहमीचं. बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्या, पण पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत कोंडून घेऊ नका. हळूहळू उजेडात, चालण्यात, कामात या. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट न उठणं, एक बाहुली मोठी दिसणं, हात-पाय ढिला पडणं, यातलं काही असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

आजोबांचे डोळे उजेडात आपोआप गच्च मिटतात

मेंदूच्या चुकीच्या संदेशाने पापण्यांचे स्नायू आपोआप आकसण्याचा आजार असतो, ब्लेफरोस्पॅझम. आधी नुसता उजेड टोचतो, पापणी फडफडते, मग डोळे मिटतात ते उघडत नाहीत. लोक त्याला "डोळे कमजोर झाले" म्हणतात, नजर तर ठणठणीत असते. पापणीजवळ बोटुलिनम (बोटॉक्स) या औषधाची बारीक इंजेक्शनं दिली की बऱ्याच जणांना काही महिने आराम पडतो. आजोबा सारखे मागे तोल जाऊन पडत असतील, जिना उतरताना पायरी दिसत नाही म्हणत असतील, तर ते मेंदूच्या डॉक्टरांना नक्की सांगा; पार्किन्सनसारख्या दिसणाऱ्या एका आजारातही उजेड नकोसा होतो.

आणखी काही कारणं?

धोतरा. महादेवाला वाहायला घरी आणलेल्या फळातल्या बिया पोरं खातात. बाहुल्या मोठ्या होतात, उजेड सहन होत नाही, तोंड कोरडं पडतं, अंग तापतं आणि पोर भलतंच बडबडतं. "बाहेरचं झालं" म्हणून लिंबू उतरवत बसू नका, बिया सोबत घेऊन दवाखान्यात जा.

कुत्रं चावलेल्या माणसाला आठवड्यांनी पाणी, वारा, उजेड नकोसा होऊ लागला तर रेबीज झालेला असतो आणि तेव्हा जवळजवळ काहीच हातात उरत नाही. म्हणून चावल्याबरोबर पंधरा मिनिटं साबण-पाण्याने जखम धुवा आणि लस घ्या.

आणि डोळे तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब घातले असतील तर काही तास उजेड टोचणारच. त्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या.

प्रत्येकाने एमआरआय काढायचा का?

नाही. नेहमीसारखी अर्धशिशी, वर्षानुवर्षं तशीच, आणि डॉक्टरांच्या तपासणीत सगळं ठीक, तर सहसा स्कॅनची गरज नसते. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं डोकं, दिवसेंदिवस वाढत जाणारं, खोकल्याने किंवा वाकल्याने चढणारं, हात-पाय, बोलणं, नजर यावर परिणाम करणारं, गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं, हे सगळे अपवाद.

सोलापुरात जायचं कुठे?

डोळा लाल असेल तर डोळ्यांचे डॉक्टर, नसेल तर आधी तुमचे नेहमीचे फिजिशियन. ते पुढे मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवतील. खाजगी परवडत नसेल तर सिव्हिल आहे. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे त्याचं पूर्ण नाव, पण रिक्षावाल्याला सिव्हिलच सांगा. ओपीडी सकाळी असते, केसपेपरच्या रांगेसाठी लवकर निघा. तातडीचं असेल तर अपघात विभाग रात्रीही उघडा असतो.

डॉक्टरांना सांगायचं काय? तिथे गेलं की सगळं विसरायला होतं

तीन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. डोकं दुखलं तो दिवस, किती वेळ, उजेड टोचला का, उलटी झाली का, आदल्या रात्री झोप किती, पाळी कधी, आणि गोळी घेतली का. शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि मिश्र गोळ्या (एकाच गोळीत दोन-तीन औषधं) किंवा अर्धशिशीसाठीच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या १० किंवा जास्त दिवस असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीच नवीन डोकेदुखी तयार करते. मेडिकलमध्ये "एक डोक्याची गोळी द्या" म्हणून मिळणाऱ्या पाकिटात बहुतेकदा काय असतं ते आपण वाचतही नाही.

कुंभारीहून माझ्याकडे एक विडी कामगार बाई यायच्या, तेलुगू बोलणाऱ्या, लिहिता न येणाऱ्या. त्यांना वहीचं सांगणं शक्यच नव्हतं. त्यांनी स्वतःच युक्ती काढली. डोकं दुखलं की त्या तारखेवर कुंकवाचं एक बोट, उलटी झाली की दोन, आणि गोळी घेतली की पोराच्या पेनाने त्याभोवती गोल. तीन महिन्यांनी ते कॅलेंडर गुंडाळून, रबर लावून त्या डॉक्टरांकडे गेल्या. शेवटच्या पानावर सतरा गोल होते. डॉक्टरांनी बीपीचा पट्टा बांधायच्याही आधी ते मोजले.